बुडावरचा शिक्का शेवटी वाचा : जुनी लष्करी काडतुसं ओळखण्याची पद्धत

जुनं काडतूस हातात आलं की नवखा संग्राहक ते उलटं करतो आणि बुडावरची अक्षरं वाचायला लागतो. अक्षरं कळली की ओळख पटली असं त्याला वाटतं. पण तो शिक्का असतो पुंगळीचा. पितळेची ती नळी कुठल्या कारखान्यात आणि साधारण कधी निघाली, एवढंच तो सांगतो. आज तिच्यात बसलेली गोळी आणि टोपी (बुडातली, पिनेचा घाव बसला की पेटणारी छोटी वाटी) मूळचीच आहेत याची हमी तो देत नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच काडतुसांवर वर्ष नाही, त्याआधीच्या कित्येकांवर तर काहीच नाही. म्हणून क्रम उलटा ठेवायचा : आधी काडतूस जिवंत आहे का, मग आकार, माप, टोपी, गोळी आणि सगळ्यात शेवटी शिक्का.

या लेखात मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानातली लष्करी काडतुसं घेतली आहेत : स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि थ्री नॉट थ्री (.३०३) या रायफलींची आणि पोलिसांचं .४१०. जुन्या वाड्यांत आणि भंगारात आपल्याकडे प्रामुख्याने हीच निघतात. त्यांतली बरीचशी पुण्याजवळच्या खडकीत बनलेली असतात. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

आधी कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात अख्ख्या काडतुसाबरोबर त्याचे भागही येतात. कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या वस्तूला सूट आहे, पण ती हत्याराला, आणि तेही दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा हत्याराला. काडतूस सव्वाशे वर्षांचं आहे म्हणून ते विनापरवाना ठेवता येतं, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कलमात किरकोळ सुट्या भागांसाठी वेगळी सूट आहे : पूरक भागांबरोबर ते वापरायचा हेतू नसला पाहिजे. रिकामी पुंगळी तिच्यात बसते की नाही, याचा वाद ठाण्यात नाही, कोर्टात सुटतो. तेव्हा संग्रह सुरू करण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या, प्रत्येक नगाची खरेदीची पावती जपा आणि जिवंत काडतूस संग्रहात घेऊच नका.

आजोबांच्या ट्रंकेत जिवंत काडतुसं सापडली तर ती पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका. आहेत तिथेच राहू द्या, फोटो काढा, पोलिसांना घरी बोलवा. बोटभर जाडीची किंवा त्याहून मोठी, टोकाला फ्यूज असलेली वस्तू दिसली तर हातही न लावता ११२ ला फोन करा. ते काम बॉम्बशोधक पथकाचं आहे. आणि पुंगळ्या नेलेली बॅग विमानप्रवासाला कधीच वापरू नका. अस्तरात राहिलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर गुन्हे दाखल झाले आहेत.

जिवंत की मेलेलं

टोपीवर पिनेचा खड्डा दिसला म्हणजे काडतूस उडालेलं, हा सर्रास गैरसमज. पुंगळीत गोळी बसलेली आहे आणि टोपीवर खड्डा आहे, तर ते बहुधा न उडालेलं, म्हणजे मिसफायर झालेलं काडतूस असतं आणि पूर्ण जिवंत असतं. हलवून आवाज ऐकणं हीसुद्धा परीक्षा नव्हे. थ्री नॉट थ्रीतल्या कॉर्डाइटच्या, म्हणजे धूर न करणाऱ्या दारूच्या, काड्या शेवयांसारख्या दाटून बसलेल्या असतात, त्या वाजत नाहीत. काळी दारू ओल धरून ढेकूळ होते, तीही वाजत नाही. वजनावरून थोडा अंदाज येतो. टोकदार गोळीचं पूर्ण .३०३ सुमारे २५ ग्रॅम भरतं. त्यात गोळी ११.३ ग्रॅम आणि कॉर्डाइट जेमतेम अडीच ग्रॅम. पण पुंगळ्यांच्या वजनातच अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक सहज पडतो, त्यामुळे वजन हा पुरावा नाही, फक्त इशारा आहे.

कवायतीचं काडतूस मात्र ओळखता येतं : पुंगळीच्या अंगावर उभ्या खाचा असतात, खाचांत बऱ्याचदा लाल रंग असतो आणि टोपीची जागा रिकामी असते. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तरच ते निर्जीव समजा. एरवी प्रत्येक काडतूस जिवंतच धरून चाला. ते खोलणं, भोक पाडणं, तापवणं, पाण्यात किंवा तेलात भिजवून ‘मारणं’ यातलं काहीही घरी करायचं नाही. पुढची सगळी मोजणी रिकाम्या पुंगळीवर किंवा कायदेशीर निर्जीव नमुन्यावर करायची आहे.

हत्यारं आणि मापं

०.०१ मिमी दाखवणारा डिजिटल व्हर्निअर, दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमचा काटा, छोटं चुंबक आणि बारीक टॉर्च एवढं पुरे. व्हर्निअरचे जबडे पोलादी असतात, जुनं पितळ मऊ असतं. जबडे आवळू नका, टेकले की वाचा. एकेक माप तीन ठिकाणी घ्या. पुंगळी दबून लंबवर्तुळाकार झाली असेल तर तीन आकडे वेगळे येतात. तसे आले तर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान असे दोन्ही लिहून ठेवा, सरासरी काढू नका.

मापाआधी बुडाची ठेवण बघा. बुडाची कडा अंगापेक्षा बाहेर असेल तर ती रिमवाली पुंगळी. कडा अंगाच्या रेषेत असून तिच्यावर खोबण असेल तर रिमलेस. खोबणीच्या वर जाड पट्टा असेल तर पट्टेवाली, म्हणजे बहुतेक वेळा शिकारीची. नंतर अंग बघा : सरळ, निमुळतं की खांदा पाडून मान बारीक केलेलं. एवढ्यावरच शंभरातल्या ऐंशी शक्यता गळतात.

आता मापं : पुंगळीची लांबी, कडेचा व्यास, कडेच्या लगेच वरचा बुडाचा व्यास, खांद्याचा व्यास आणि मानेचा बाहेरचा व्यास. उडालेल्या पुंगळीचं अंग बंदुकीच्या कोठीत फुगलेलं असतं आणि तोंड चेपलेलं असू शकतं. कडा मात्र फारशी बदलत नाही, म्हणून कडेचा व्यास आणि लांबी यांवर भिस्त ठेवा. आपल्याकडे नेहमी गफलत होणाऱ्या पुंगळ्यांची साधारण मापं अशी :

.५७७ स्नायडर : कडा १९ मिमी, लांबी ५१ मिमी, अंग जवळपास सरळ.
.५७७/४५० मार्टिनी-हेन्री : कडा तीच १९ मिमी, लांबी साडेएकोणसाठ मिमी, मान बारीक.
.३०३ : कडा १३.७ मिमी, लांबी ५६.४ मिमी, बूड ११.७ मिमी.
.३१५ म्हणजे ८ मिमी : कडा १४ मिमी, लांबी ५० मिमीच्या थोडी वर.
७.६२ रशियन रिमवाली : कडा १४.४ मिमी, लांबी ५३.७ मिमी.
७.६२ नाटो : रिमलेस, कडा १२ मिमी, लांबी ५१ मिमी. ही जुनी नाही. १९६० च्या दशकापासून आपल्या फौजेत आली.

प्रत्यक्ष माप यापेक्षा दोन-तीन दशांश मिमीने कमी भरलं तर घाबरू नका, कारखान्यात चालणारा बारीक फरक आणि झीज दोन्ही असतात. एक मिमीचा फरक आला तर मात्र ते काडतूस दुसरंच आहे.

कॅलिबरच्या नावावर विश्वास ठेवू नका. .३०३ हा नळीच्या आतला व्यास, गोळी .३११ इंचाच्या आसपास असते. .५७७/४५० म्हणजे .५७७ चीच पुंगळी मान आवळून .४५० ची गोळी धरायला लावलेली, म्हणूनच स्नायडर आणि मार्टिनीची कडा सारखी आहे. अमेरिकन .४५-७० मधला दुसरा आकडा काळ्या दारूचं ग्रेन या जुन्या इंग्रजी एककातलं वजन आहे. नावं ठेवण्यात कुणी कुणाशी विचारविनिमय केलेला दिसत नाही.

गुंडाळलेला पत्रा

स्नायडर आणि सुरुवातीच्या मार्टिनीची पुंगळी ओतीव किंवा ओढीव नळी नसते. पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा गुंडाळून ती केलेली असते आणि खाली लोखंडी चकती बसवलेली असते. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सर यांची ही रचना, १८६६-६७ च्या सुमाराची. ओळख सोपी आहे. भिंगातून अंगावर पत्र्याची उभी किंवा तिरपी शिवण दिसते आणि बुडाला चुंबक चिकटतं. चुंबक चिकटलं नाही आणि अंग एकसंध असलं, तर ती एकतर नंतरची ओढीव पितळी पुंगळी असते, नाहीतर अलीकडची नक्कल. मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये स्वीकारली गेली. अस्सल गुंडाळी पुंगळी धड अवस्थेत फार कमी मिळते, कारण लोखंडी चकती गंजते आणि फुगून पत्रा फाडते. विक्रेता ‘अगदी कोरी’ मार्टिनी स्वस्तात देत असेल तर शिवण शोधा.

मार्टिनीत दोन भार होते : रायफलसाठी ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी, कार्बाइनसाठी ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनची गोळी. पुंगळी तीच, त्यामुळे रिकाम्या पुंगळीवरून दोन्हींत फरक सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्याकडे वेष्टन तरी असलं पाहिजे, नाहीतर तो थापा मारतो.

१८५७ च्या चरबीच्या काडतुसांबद्दल एकच वाक्य : ती कागदाची होती, आणि बाजारात ‘सत्तावन्नची’ म्हणून विकली जाणारी पितळेची कुठलीही वस्तू ती नव्हे.

टोपी आणि तिच्याभोवतीचा रंग

बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असेल तर ते सेंटरफायर. टोपी नाही आणि कडेवर पिनेचा घाव आहे, तर रिमफायर. बुडाजवळ बाजूने पितळेची सुई बाहेर आलेली असेल तर पिनफायर. ही एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कल्पना, शिकारीच्या बंदुकांत ती आपल्याकडेही आली होती. रिकाम्या सेंटरफायर पुंगळीत वरून टॉर्च मारा. तळाला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन पद्धत, मधोमध एकच मोठं भोक दिसलं तर बॉक्सर. गंमत अशी की बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण ब्रिटिश लष्करी .३०३ मध्ये बर्डन टोपी रूढ झाली आणि अमेरिकेत बॉक्सर. त्यामुळे खडकीच्या किंवा इंग्लंडच्या लष्करी .३०३ मध्ये एकच भोक दिसलं तर थांबा आणि शिक्का पुन्हा वाचा. पुंगळी बहुधा अमेरिकेत किंवा कॅनडात बनलेली असते, किंवा मागाहून व्यापारासाठी.

टोपीभोवतीच्या गोल फटीत लाखेचा रंग भरलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत जांभळा म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ दाखवणारी गोळी), हिरवा म्हणजे चिलखतभेदी, निळा म्हणजे आग लावणारी, पिवळा म्हणजे चाचणीचा भार. साफसफाईत सगळ्यात आधी हा रंग जातो आणि त्याच्याबरोबर निम्मी ओळख जाते. निळ्या रंगाची भरलेली काडतुसं घरात अजिबात नकोत. काहींत फॉस्फरस असतो आणि जुन्या गोळीच्या फटीतून तो बाहेर येऊ शकतो.

गोळीचा आकार आणि ‘डमडम’

.३०३ ची सुरुवात १८८८ मध्ये काळ्या दारूने झाली, १८९१ पासून कॉर्डाइट आलं. मार्क म्हणजे काडतुसाच्या सुधारित नमुन्याचा क्रमांक. मार्क दोनपासून मार्क सहापर्यंत गोळी बोथट, २१५ ग्रेनची. १९१० मध्ये मार्क सात आला : टोकदार, १७४ ग्रेनची. म्हणजे बुडावर रोमन सात आणि वर बोथट गोळी दिसली, तर गोळी नंतर बसवलेली आहे. इथेच शिक्का आणि माल यांची भांडणं सापडतात. गोळीचं कवच चंदेरी असेल तर ते क्युप्रोनिकेल, जुनी रीत. तांबूस असेल तर गिल्डिंग मेटल, नंतरची. तांबूस कवचाला चुंबक चिकटलं तर आत पोलादाचा थर आहे, युद्धकाळात धातू वाचवायला असं करत.

डमडमबद्दल फार गोंधळ आहे. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात जी गोळी काढली, तिचं कवच टोकाला थोडं आधी संपतं आणि सुमारे एक मिमी शिसं उघडं राहतं. टोकाला भोक असलेल्या मार्क तीन, चार आणि पाच या त्यानंतरच्या ब्रिटिश गोळ्या, त्या डमडम नव्हेत. पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली. बाजारात साध्या बोथट गोळीचं टोक कानसून ‘डमडम’ केलेलं असतं. भिंगाखाली कानशीच्या समांतर रेघा दिसतात आणि कवचाची कडा एका बाजूला पातळ झालेली असते. कारखान्यातली कडा सगळीकडून सारखी असते.

आता शिक्का

बूड घड्याळासारखं धरा, प्रत्येक खूण कितीच्या जागी आहे ते लिहा, आणि अक्षरं कशी दिसतात तशीच काढा, अर्थ लावू नका. टॉर्च समोरून नको, बाजूने आडवा मारा, म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीत उठतात. बुडावर खडूची पूड बोटाने चोळून पुसली की खोलगट रेघा पांढऱ्या उमटतात. एवढं पुरतं, तार किंवा सुई खुपसू नका.

खडकीचं चिन्ह म्हणजे इंग्रजी के आणि एफ ही अक्षरं आणि त्यांच्यामध्ये सरकारी मालाचा रुंद बाण. आर आणि एलच्या मध्ये बाण असेल तर वुलिचची रॉयल लॅबोरेटरी. आर जी म्हणजे रॅडवे ग्रीन, एम एफ म्हणजे ऑस्ट्रेलियातलं फुट्सक्रे, डी ए सी म्हणजे कॅनडाचं डोमिनियन आर्सेनल. सगळ्यात मोठा सापळा नुसत्या के चा. तो खडकी नाही, इंग्लंडमधली किनॉक कंपनी. युद्धकाळात तिच्या शाखांना के-दोन, के-पाच असे आकडे लागले. आणि के एफ दिसलं की पुंगळी जुनीच असेल असंही नाही. स्वातंत्र्यानंतरही खडकीचा माल याच अक्षरांनी निघत राहिला, आणि पोलिसांच्या आजच्या पंचनाम्यांतसुद्धा ही दोन अक्षरं सापडतात. वर्षाचे दोन आकडे आणि बाण तपासल्याशिवाय काळ ठरवू नका. ओ एफ व्ही हे वरणगावचं, म्हणजे १९६० च्या दशकानंतरचंच.

नंतर मार्क. रोमन सात म्हणजे साधी गोळी, तिच्यापुढे झेड असेल तर कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज. जी म्हणजे ट्रेसर, डब्ल्यू म्हणजे चिलखतभेदी, बी म्हणजे आग लावणारी, एल म्हणजे गोळी नसलेलं कोरं काडतूस, डी म्हणजे कवायतीचं. जुन्या शिक्क्यात सी आणि रोमन आकडा एकत्र दिसला तर तो सी कॉर्डाइटचा.

एक नमुना सबंध बघू. रिकामी पुंगळी, कडा १३.६, लांबी ५६.३, बूड ११.६ मिमी, मान बारीक : .३०३. चुंबक लागत नाही : पितळ. आत दोन भोकं : बर्डन. टोपीच्या फटीत जांभळ्या रंगाचा तुकडा : साधी गोळी. शिक्का के-बाण-एफ, ४२, रोमन सात : खडकी, १९४२, मार्क सात. सगळे साक्षीदार एकच सांगतात, ओळख पक्की. हाच शिक्का असता आणि फटीत लाल रंग असता, तर रंग आणि मार्क जुळत नाहीत म्हणून कार्डावर प्रश्नचिन्ह घालायचं, आपल्याला आवडेल ते निवडायचं नाही.

दुसरा फसवा नमुना : कडा आणि बूड .३०३ चं, पण मान नाही, अंग जवळजवळ सरळ. कुणीतरी कापलेली किंवा फुगलेली पुंगळी समजून लोक ती टाकून देतात. ती असते .४१० मस्केटची. .३०३ रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना दिल्या होत्या, त्यांच्यासाठी .३०३ चीच पुंगळी मान न पाडता वापरली गेली. तोंड कापलेलं असेल तर कडा खडबडीत असते, मूळ असेल तर गुळगुळीत.

संस्थानिकांच्या शिकारखान्यांत .४६५ आणि .४७० ची काडतुसं का दिसतात, याचंही उत्तर बंदुकीपेक्षा कायद्यात आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० कॅलिबरवर बंदी घातली, बंडखोरांच्या मार्टिनींना दारूगोळा मिळू नये म्हणून. शिकारीच्या बंदुका करणाऱ्यांनी लगेच शेजारचे आकडे काढले.

तडे, पॉलिश आणि पावसाळा

पुंगळीच्या तोंडापासून खाली उतरणारा सरळ उभा तडा दिसला तर ती ‘खराब प्रत’ म्हणून टाकू नका, तो इतिहासाचा भाग आहे. ब्रिटिश फौजेत पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवला जाई आणि पाऊस संपेपर्यंत माना तडकलेल्या निघत. कारण १९२१ मध्ये नीट कळलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढकामात पितळात राहिलेला ताण. उपाय म्हणून मान तापवून ताण काढायची पद्धत आली.

हीच गोष्ट आजही घडते, फक्त घोड्याच्या जागी पॉलिशची बाटली असते. अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश जुन्या पुंगळीला लावू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर हेही नको. आंबटाने पितळातलं जस्त निघून जातं, पृष्ठभाग गुलाबी पडतो आणि तो पुन्हा पिवळा होत नाही. मऊ ब्रश, कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, लगेच कोरडं पुसणं आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात एवढंच. गुंडाळलेल्या पत्र्याच्या पुंगळीला पाणीसुद्धा नको, आत कागद असतो.

लाकडी खणात ठेवलेल्या शिशाच्या गोळीवर पांढरी भुकटी येते, ती लाकडातल्या आम्लाच्या वाफेने. भुकटी विषारी आहे, फुंकू नका, हातमोजे घाला. प्लायवूड आणि पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी आम्लरहित पुठ्ठा वापरा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोकणात जून ते सप्टेंबर त्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत घाला, अर्थात पुंगळ्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत.

खरेदी करताना

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, जोडकाम केलेले नमुने भरपूर असतात. उडालेल्या पुंगळीत मैदानावरून वेचलेली गोळी दाबून बसवतात. गोळीच्या अंगावर आट्यांचे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचे, तिरपे ओरखडे दिसले तर ती एकदा नळीतून गेलेली आहे : .३०३ ची रायफल ली-एनफील्डचे पाच आटे आणि डावीकडे वळण, मार्टिनी-हेन्रीचे सात आटे आणि उजवीकडे वळण. कारखान्यात भरलेल्या काडतुसाच्या मानेवर गोळी आवळलेल्या खुणा सारख्या अंतरावर असतात, जोडकामात त्या नसतात किंवा पकडीचे दात उमटलेले असतात. टोपीवर खड्डा आणि वर चकचकीत गोळी असा नमुना दाखवला तर तो जोडलेला आहे की जिवंत मिसफायर, हे दुकानात ठरवता येत नाही. दोन्ही परिस्थितीत तो घ्यायचा नाही.

प्रत्येक नगाला एक कार्ड करा : पाच मापं, वजन, चुंबक लागतं की नाही, भोकं एक की दोन, फटीचा रंग, घड्याळाच्या जागांसह शिक्क्याचं रेखाटन, कुठून आणि कधी घेतलं, पावतीचा क्रमांक. वर्ष आणि कारखाना पेन्सिलने लिहा. मापं शाईने.